पुण्यातलं लाल तिखट: पाकिटातलं, सुटं की कांडपावरचं?

पुण्यात वर्षाचं तिखट घरात तीन वाटांनी येतं. वाण्याच्या फळीवरचं ब्रँडेड पाकीट, पेठेतल्या मसाल्याच्या दुकानातलं सुटं, नाहीतर मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून मिरची आणून कांडपावर, म्हणजे मिरची-मसाले कुटून-दळून देणाऱ्या गिरणीत, करून घेतलेलं. निकाल आधी सांगून टाकू. घर लहान असेल आणि कुणाच्या पोटाची तक्रार नसेल, तर चांगलं पाकीट घ्यावं आणि निवांत राहावं. घरात कुणाला छातीत जळजळ, फिशर (गुदद्वाराशी चीर) किंवा हळवं आतडं असेल, तर कांडपाची खटपट करावी. त्याशिवाय आपण रोज नेमकं किती तिखट खातो याचा अंदाज येत नाही. उघड्या पोत्यातलं किंवा पातेल्यातलं सुटं तिखट मात्र कुणीच घेऊ नये.

गिऱ्हाईक तिखटाचा पहिल्यांदा रंग बघतं आणि गल्लत तिथेच होते. मिरचीचा लाल रंग कॅप्सँथिन या द्रव्याचा, तिखटपणा कॅप्सेसिनचा. या दोघांचं प्रमाण एकमेकांवर अवलंबून नसतं. हावेरी जिल्ह्यातली बेडगी (२०११ साली भौगोलिक मानांकन मिळालेली) रंगाला गडद लाल, सालीला सुरकुतलेली, चवीला सौम्य. लवंगी बोटाच्या पेराएवढी, रंगाला बेताची, पण एक मिरची अख्ख्या कढईला पुरते. गुंटूर तिखटाला मध्यम. तेजा बारीक, टोकदार आणि चांगलीच झणझणीत. संकेश्वरी कोल्हापूरकडची आवडती. लांब, पातळ सालीची, रंग आणि तिखट दोन्ही बऱ्यापैकी देणारी.

तिखटपणा मोजायची पट्टी विल्बर स्कोविल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये बसवली. तेव्हा माणसांना चाखायला देऊन आकडा काढत, आता प्रयोगशाळेत यंत्रावर काढतात. शुद्ध कॅप्सेसिनचा आकडा १ कोटी ६० लाख. बेडगीचा ढोबळमानानं १० ते १५ हजार, गुंटूरचा ३५ ते ४० हजार, तेजाचा ७५ हजारांच्या वर. आता हे चमच्यात मांडू. चहाचा सपाट चमचा तिखट म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. १० हजारांच्या बेडगीच्या चमच्यात कॅप्सेसिन दीड मिलिग्रॅमच्या आसपास येतं. ८० हजारांच्या तेजाच्या चमच्यात साडेबारा. चमचा तोच, आमटी तीच, आणि फरक आठपट. ‘आम्ही घरात कमीच तिखट वापरतो’ या वाक्याला म्हणून काही अर्थ राहत नाही. कुठल्या मिरचीचं, हे आधी विचारायचं.

पाकीट

पुण्यात पाकिटाची चणचण नाही. प्रवीण मसालेवाल्यांची सुहाना, अंबारी ही पुण्याचीच नावं घरोघरी आहेत, शिवाय देशभरचे ब्रँड आणि पेठापेठांतले छोटे घरगुती उद्योग. पाकिटाचा मोठा गुण म्हणजे सातत्य. कंपनी वेगवेगळ्या भागांतला माल मिसळून रंग आणि तिखटपणा ठरावीक ठेवते, त्यामुळे या महिन्याची भाजी आणि पुढच्या महिन्याची भाजी एकाच चवीची होते.

अवगुण असा की पाकिटावर ‘तिखट’, ‘एक्स्ट्रा तिखट’, ‘काश्मिरी’ असे शब्द असतात, पण स्कोविलचा आकडा बहुतेकांवर नसतो. ‘काश्मिरी’ हा शब्द बाजारात रंगाची हमी म्हणून चालतो. आत बऱ्याचदा बेडगीच्या वळणाची मिरची असते. त्यात फसवल्यासारखं वाटून घेण्याचं कारण नाही, दोन्हींचा स्वभाव सौम्यच. पोट सांभाळून खाणाऱ्याला पाकीटच घ्यायचं असेल, तर हेच घ्यावं.

पाकीट उलटून तीन गोष्टी बघा. घटकांत फक्त मिरची असावी. मिरची पुडीत २ टक्क्यांपर्यंत खाद्यतेल मिसळायला परवानगी आहे, पण ते छापावं लागतं. तेलानं रंग खुलतो आणि पूड उडत नाही, मात्र जुनी झाली की खवट वास लवकर येतो. दुसरं, एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा यंत्रणेचा १४ आकडी परवाना क्रमांक. तिसरं, दळल्याची तारीख. रंग वरून घालायला मिरची पुडीत परवानगी नाही, कुठलाच. पाकीट १०० किंवा २०० ग्रॅमचंच घ्यावं. किलोचं पाकीट स्वस्त पडतं खरं, पण पावसाळ्यात उघडलं की तिसऱ्या आठवड्यात गोळे धरतं.

गुण द्यायचे तर दहापैकी सात. आकडा छापला असता तर आठ दिले असते.

सुटं

याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दळलेलं तिखट उघड्यावर ठेवलं की उजेडानं रंग उतरतो, दमट हवेनं बुरशी धरते, आणि उतरलेला रंग परत चढवायचा मोह विकणाऱ्याला होतो. घरी करायची पाण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते: काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचं, वरून चिमूटभर तिखट भुरभुरायचं, ढवळायचं नाही. पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असेल तर लगेच लाल रेघा खाली उतरताना दिसतात. विटेची भुकटी किंवा रेती असेल तर झपकन तळाशी बसते. ती बोटांत चोळली की कचकचते. आयोडीनचा थेंब टाकून निळं झालं, तर पिठाची भर आहे.

पण या चाचणीवर विसंबून कुणी निर्धास्त होऊ नये. तिखटात सापडणारा सगळ्यात बदनाम रंग म्हणजे सुदान. तो तेलात विरघळतो, पाण्यात नाही. ग्लासातलं पाणी स्वच्छ राहतं आणि तिखट पास होतं. सुदान पकडायला प्रयोगशाळाच लागते. अन्न सुरक्षा कायद्यात (२००६) ग्राहकाला स्वतः पैसे भरून अन्नाचा नमुना तपासून घेता येतो आणि पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळाही आहे. शंका घेण्यासारखा माल घरात आला असेल तर बिल जपावं, पूड मूळ पुडीतच ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. बिल न घेता सुटं घेतलं असेल, तर सिद्ध काय करणार?

दहापैकी दोन. तेही दुकानदार डोळ्यासमोर मिरची दळून देत असेल तर.

कांडप

इथे मजा आहे आणि डोकेदुखीही. नवी मिरची फेब्रुवारीपासून भरपूर येऊ लागते. मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात घेऊन वाळवावी आणि वळवाच्या आधी दळून मोकळं व्हावं. मार्केट यार्डात पोत्याचा व्यवहार चालतो, दोन-चार किलोसाठी रविवार पेठ, भवानी पेठ इथली मसाल्याची दुकानं सोयीची.

किती घ्यायची? चौघांच्या घरात दिवसाला दीड चमचा तिखट लागतं असं धरलं तर महिन्याला १२० ग्रॅमच्या आसपास, वर्षाला दीड किलो. देठ, उन्हातली घट आणि यंत्रातली घट धरून एक किलो मिरचीचं साडेआठशे ते नऊशे ग्रॅम तिखट हाती येतं. म्हणजे पावणेदोन किलो मिरची पुरे. पाच-पाच किलो आणून पुढच्या वर्षीपर्यंत शिळं तिखट खाण्यात काही शहाणपण नाही.

मिरची हातात घेऊन हलवावी. नीट वाळलेली असेल तर बिया आत खुळखुळतात आणि साल दाबली की मोडते. चामड्यासारखी वाकणारी मिरची ओली असते. वजनासाठी पाणी शिंपडलेलीही असू शकते. चकाकी जास्त वाटली तर कागदावर घासून बघा, तेलाचा हात फिरवलेला असला तर डाग उमटतो. आणि हे चुकवू नका: चार-पाच मिरच्या मधोमध मोडून आत डोकवा. करडा किंवा पांढरट कापूस दिसला तर ते पोतं सोडून द्या. ती बुरशी. ॲस्परजिलस जातीच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि घरच्या शिजवण्यानं जात नाही. तिखटानं आजार होतात अशी ओरड करणाऱ्यांनी खरी भीती बाळगावी ती याची. बाहेरून दिसायला मिरची छान असते, दळल्यावर तर काहीच कळत नाही, म्हणून अख्खी मिरची बघून घेण्याला महत्त्व. पांढरट डाग पडलेल्या, काळ्या टोकाच्या मिरच्या निवडून टाका, ‘दळल्यावर काय दिसतंय’ म्हणून आत सरकवू नका.

मिश्रण ठरवताना रंगाची मिरची वेगळी आणि तिखटाची वेगळी धरायची. नेहमीच्या घरासाठी तीन भाग बेडगी आणि एक भाग गुंटूर किंवा संकेश्वरी. गुंटूर धरून केलेल्या मिश्रणात ग्रॅममागे कॅप्सेसिन एक मिलिग्रॅमच्या आसपास येतं, चमच्याला अडीच. पोट नाजूक असलेल्यांसाठी निव्वळ बेडगी, वेगळ्या बरणीत. झणझणीत हवं असणाऱ्यांनी लवंगी किंवा तेजा सगळ्या तिखटात न मिसळता पाव किलो वेगळी दळून घ्यावी आणि ताटात वरून चिमूट घालावी. एका घरात एकच तिखट, हा हट्ट सोडला की सासऱ्यांचं पथ्य आणि मुलाची हौस दोन्ही एकाच स्वयंपाकात बसतात.

बेडगी विचारताना डब्बी की कड्डी तेही विचारा. डब्बी आखूड आणि फुगीर, रंगाला सरस, तिखटाला कमी. कड्डी लांब, सडसडीत. बेडगीसारख्या दिसणाऱ्या संकरित जातीही त्याच ढिगात असतात आणि त्यांतल्या काही चांगल्या जहाल निघतात. खात्री करायची तर एका मिरचीचा तुकडा टोकाकडून न घेता देठाजवळून चाखा. कॅप्सेसिन तयार होतं ते बिया जिथे चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत. बियांना फक्त त्याचा लेप लागतो. टोकाकडचा तुकडा चाखून ‘सौम्य आहे’ म्हणणाऱ्याची रात्री फजिती होते. याच कारणानं तिखटपणा कमी करायचा असेल तर नुसत्या बिया झटकून भागत नाही, शीरही काढावी लागते. बिया काढल्यानं रंग मात्र गडद होतो, कारण फिकट भर कमी होते.

घरी आणल्यावर दोन-तीन कडक उन्हं, पातळ सुती कापडाखाली. आठवडाभर उघडी ठेवली तर रंग उडतो. देठ काढून मगच दळायला न्या. देठानं पूड कडवट आणि तपकिरी होते. देठ खुडताना हाताला आधी खोबरेल चोळावं. आग झालीच तर पाण्यानं पसरते. तेल चोळून पुसायचं, मग भांड्याच्या साबणानं धुवायचं, आणि हे दोनदा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या दिवशी हे काम दुसऱ्यावर सोपवावं, कारण साबणानंतरही बोटांवर पुरेसं उरतं.

कांडपावर गेल्यावर आधी विचारा, की यंत्रातून नुकतं काय निघालं. हळद निघाली असेल तर रंग मारला जातो. कांदा-लसूण मसाला निघाला असेल तर त्यातलं तीळ-खोबरं तुमच्या तिखटात येतं. खवटपणाची सुरुवात तिथून होते. घरात कुणाला तीळ किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ही चौकशी सोडूच नये. डंक्यावर कुटलेलं तिखट कमी तापतं, वासाला चांगलं राहतं, पण थोडं जाडसर येतं. चक्कीवर बारीक होतं, मात्र हात लावून बघा: डब्यात पडणारी पूड चटका देण्याइतकी गरम असेल, तर दोन खेपांत दळायला सांगा. घरी आणून लगेच झाकण लावू नका. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर वाफ आतल्या आत धरते आणि जुलैत बुरशी बोलावते. दम्याच्या माणसानं कांडपात उभं राहू नये. उडणारी पूड श्वासनलिका आवळते, तोंडावरचा रुमाल त्याला पुरा पडत नाही.

मोठा साठा काचेच्या बरणीत, हिंगाचे दोन-चार खडे घालून, अंधारात. फ्रीझरमध्ये ठेवलं तर रंग वर्षभर टिकतो. ओट्यावर फक्त महिन्याची छोटी बरणी, आणि तिच्यात ओला चमचा नाही.

कांडपाला दहापैकी नऊ. एक गुण वेळेचा कापला. दोन दिवस मोडतात.

पोटाचा हिशेब

आता ज्यासाठी हा एवढा खटाटोप. कॅप्सेसिन जिभेवर, अन्ननलिकेत, आतड्यात, सगळीकडे एकाच प्रकारच्या चेतातंतूंना गाठतं. त्यांच्यावर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं, जणू दारच. हे दार ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेनंही उघडतं. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ते शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासह मिळालं. दार एकच असल्यामुळे मेंदूला तिखट आणि भाजणं सारखंच कळवलं जातं. प्रत्यक्षात काही भाजत नसतं. यातून स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टी उलगडतात. उकळता रस्सा कोमट रश्श्यापेक्षा जास्त झोंबतो, कारण उष्णता आणि कॅप्सेसिन एकाच दारावर धडका देतात. आणि चिंच-टोमॅटोचा आंबटपणाही ते दार हळवं करतो. दारूचंही तसंच, त्यामुळे ग्लासासोबतचा झणझणीत चखणा दुप्पट लागतो.

अल्सर तिखटानं होतो ही समजूत अजून जात नाही. जठरातल्या व्रणाची दोन मुख्य कारणं: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, आणि ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. जिवाणूचा शोध बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी लावला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आधीच व्रण असेल तर तिखटानं दुखणं वाढू शकतं, पण तिखट सोडलं म्हणून व्रण बरा होत नाही. त्याला मूळ कारणावरचे उपचार लागतात. गुडघेदुखीसाठी रोज उपाशीपोटी गोळी घ्यायची आणि ‘मिसळ बाधली’ म्हणायचं, हे घरोघरी चालतं.

छातीतली जळजळ हे वेगळं प्रकरण. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडली की आम्ल वर येतं. आम्ल वर येण्यात तिखटापेक्षा तेलाचा, भरपेट जेवणाचा आणि जेवून लगेच आडवं होण्याचा वाटा मोठा. तेलकट जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं. कॅप्सेसिन आणि लाल रंग दोन्ही तेलात विरघळतात, म्हणून मिसळीच्या वाटीवर तरंगणारी तर्री म्हणजे तेल, रंग आणि तिखट यांचा अर्क. ती चमच्यानं अर्धी बाजूला काढली की एका फटक्यात तेलही कमी होतं आणि तिखटही. खालचा रस्सा तसाच खा. रात्रीचं जेवण आणि झोप यांत अडीच-तीन तास ठेवले, तर बऱ्याच लोकांना तिखट कमी करावंच लागत नाही. या प्रयोगाला पंधरा दिवस द्या, मग मिरचीवर खापर फोडा.

ज्यांचं आतडं मुळात हळवं आहे, म्हणजे जेवल्या जेवल्या मुरडा आणि पळापळ, त्यांना मात्र तिखट खरोखर त्रास देतं. अशा काही रुग्णांच्या आतड्यात वर सांगितलेले चेतातंतू जास्त आढळले आहेत. यांच्यासाठी निव्वळ बेडगी, आणि तीही माणशी दिवसाला अर्ध्या चमच्याच्या आत. त्यानंही भागलं नाही तर आले-मिरी-जिऱ्यावर स्वयंपाक करावा. चव जात नाही. मिरीचा तिखटपणा पायपरीनचा, तो मिरचीइतका झोंबत नाही.

मूळव्याध तिखटानं होते असंही म्हणतात. होते ती बद्धकोष्ठतेनं, कुंथण्यानं, तासन्‌तास बसून राहण्यानं. पण गुदद्वाराशी चीर असेल, म्हणजे फिशर, तर न पचलेलं कॅप्सेसिन तिथल्या त्याच चेतातंतूंना गाठतं आणि सकाळी जीव नकोसा होतो. चीर भरेपर्यंत तिखट बंदच. भाकरी-भाजीतला चोथा आणि पाणी वाढवावं. बरं झाल्यावर बेडगीनं हळूहळू सुरुवात. एकदम गुंटूरवर जाऊ नये.

रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. अशांना फोडणीचा ठसका इतरांपेक्षा जोरात बसतो. खोकला डॉक्टरांच्या कानावर घालावा, गोळी बदलून मिळते. आपल्या मनानं बंद करू नये.

उलट बाजूही आहे. २०१५ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात चीनमधल्या सुमारे ४ लाख ८७ हजार प्रौढांची पाहणी आली. आठवड्यात सहा-सात दिवस तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण, आठवड्यातून एकदाही न खाणाऱ्यांच्या तुलनेत १४ टक्क्यांनी कमी होतं. पण ही पाहणी आहे, प्रयोग नाही. तिखट खाणाऱ्यांच्या राहणीत दुसरंही काही वेगळं असू शकतं, त्यामुळे ठेच्याला औषध ठरवायची घाई नको. औषध म्हणून कॅप्सेसिनचा खरा उपयोग बाहेरून होतो: नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनांवर ८ टक्क्यांची पट्टी वापरतात, तीही दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली. तिखटानं चरबी जळते वगैरे जाहिरातींतला परिणाम इतका किरकोळ असतो की त्याच्यावर काही बेतू नये.

सवयीनं सोसण्याची ताकद वाढते हे खरं. रोज थोडं थोडं खाल्लं की चेतातंतू बधिरतात. महिनाभर पथ्यावर राहून आल्यावर पहिल्याच दिवशी जुन्या मापानं तिखट घातलं की झोंबतं ते यामुळे.

काही खुणा मात्र तिखटाच्या खात्यावर टाकू नका. काळी, डांबरासारखी शौच, उलटीत रक्त, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं. आणि चालताना किंवा जिना चढताना छातीत जळजळ, सोबत घाम किंवा डाव्या हातात कळ, तर सोड्याची पुडी शोधत बसू नका. सरळ इस्पितळ गाठा.

कांदा-लसूण मसाला, आणि चमचा वापरताना

कांदा-लसूण मसाल्यात मिरचीबरोबर खोबरं, धने, तीळ, तेल आणि मीठ असतं. त्यामुळे चमच्यामागे तिखट कमी, पण मीठ चोरपावलानं येतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. रक्तदाब असलेल्या घरात हा मसाला घातला की वरचं मीठ निम्म्यानं कमी करून चव बघावी. उघडल्यावर फ्रीजमध्येच ठेवावा, खोबरं लवकर खवट होतं. पाकिटातल्याला सात, घरी केलेल्याला आठ.

फोडणीत तिखट घालताना गॅस बंद करा, तेल दहा-पंधरा सेकंद निवू द्या, मग तिखट, लगेच पाण्याचा हबका किंवा भाजी. कडकडीत तेलात ते क्षणात करपतं, रंग तपकिरी होतो, चव कडू, आणि ठसक्यानं घर खोकतं. करपलं तर फेकून द्या. गूळ घालून ते कधीच सुधारत नाही. रंग हवा असेल तर तिखट तेलातच पडायला हवं. नुसत्या पाण्यात उकळून रंग सुटत नाही, आणि मग लोक चमच्यावर चमचा वाढवत जातात.

तोंडात आग पडली तर पाणी उपयोगाचं नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्यावं. त्यातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढून नेतं, म्हणून साय काढलेलं दूधही काम करतं. ताक चालतं, पण दाट हवं. हॉटेलातलं पाणीदार ताक म्हणजे पाणीच. दूध गिळण्याआधी दहा-पंधरा सेकंद तोंडात घोळवावं. साखरेची चिमूट जिभेवर ठेवली तरी उतार पडतो, पण मधुमेही माणसानं दह्याचाच चमचा हाताशी ठेवावा.